बाहीच्या आत बाही

शिवणकाम करणाऱ्या मावशीने भाचीसाठी कापडाचा ग्रह शिवला होता. तो छान गोल राहावा म्हणून पोटात लाकडी गोळाही घातला होता. आतून भक्कम काही असल्याशिवाय कापड आकार धरत नाही, हे तिचं चाळीस वर्षांचं शास्त्र.

दुपारी एक वाजता भाची ग्रह काखेत मारून शाळेतून परत आली. घरात तिला भिंगरी म्हणत, पण आज भिंगरी फिरत नव्हती.

"विज्ञानाच्या बाईंनी नाकारला. म्हणाल्या, वायूचा ग्रह आणि टकटक वाजतो? चारच्या आत सुधारला नाही तर प्रदर्शनाच्या यादीत नाव नाही."

"अगं, मग तिथं उभं कुठं राहायचं?"

"कुठंच नाही! जमीनच नाही, मावशी. नुसतं आत आत जायचं. आधी विरळ ढग, मग दाट, मग आणखी दाट. शेवटी दाबच आपल्याला चिरडतो. हा दूरच्या एका ताऱ्याला अगदी खेटून फिरतो, त्यामुळे लोखंड वितळेल इतकं गरम. एका बाजूला कायमचा दिवस, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र, आणि वारा बंदुकीच्या गोळीहून जोरात."

"म्हणजे कपडे वाळत घालायची सोय नाही."

भिंगरी हसली नाही. "राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कशाला? ती कात्री दे इकडे."

मावशीने शिवण उसवली. लाकडी गोळा घरंगळत मशीनखाली गेला. हातात राहिलं ते चोळामोळा झालेलं कापड. तळ नसलेली वस्तू शिवायची कशी? तिने खिळ्यावरच्या अर्धवट कोटाच्या बाहीत सहज हात घातला आणि थबकली.

"दाब म्हणजे घट्टपणाच ना गं? मग तो तर माझ्या हातातला!"

तिने बाहीच्या आत बाही शिवायला घेतली. बाहेरची मलमलची, सैल. तिच्या आत सुती, मग जाड, मग कापूस भरलेली. प्रत्येकीचं इलास्टिक आधीच्यापेक्षा आवळलेलं. पहिल्या खेपेला दुसरीच बाही इतकी आवळली की बोटंही जाईनात. पुन्हा उसवली, पुन्हा शिवली. आता घड्याळाकडे बघायचं नाही, असं तिने भिंगरीला बजावलं. शेवटी आतल्या थरांत गरम पाण्याची पिशवी सरकवली.

चाराला पाच कमी असताना दोघी धापा टाकत शाळेच्या सभागृहात पोचल्या.

"हात घाला, बाई," भिंगरी म्हणाली.

बाईंचा हात मनगटापर्यंत सहज गेला. मग सावकाश. कोपरापाशी अडकला.

"तळ लागला?"

"नाही गं. पण पुढे जाववत नाही. आणि काय गरम आहे!"

"तिथं असंच आहे."

बाईंनी हात ओढून पाहिला. निघेना. मावशीने पिशवीतून कात्री काढली.

"खबरदार, कापाल तर!" बाई म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरात यादीत भिंगरीचं नाव लिहिलं.