सातवा खांब

"पाचवा खांब वाजवा, काका," इंजिनिअर हिना म्हणाली.

आलोशियसने लाकडी हातोडी उचलली. एक ठोका छातीच्या उंचीवर, एक गुडघ्याखाली. दोन्ही वेळा भरीव, कोरडा आवाज आला. हिनाने ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया खांबात टोचल्या आणि आकडा लिहून घेतला.

"मशीनपेक्षा तुमचा कान फास्ट आहे, काका."

"मशीनला पेन्शन नाय. मलापन नाय."

जिन्याशी उभी असलेली मर्सी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

वखार तिच्या आजोबांनी बांधलेली. खाली लाकूड, वर माळा, सगळा भार बारा खांबांवर. धंदा बंद होऊन सहा वर्षं झाली होती. धोकादायक इमारतीची नोटीस गेल्या महिन्यात दारावर चिकटली, तिची मुदत शुक्रवारी संपत होती. खांब सुस्थितीत असल्याचा इंजिनिअरचा दाखला त्याआधी दिला तर वखार राहणार, नाहीतर पाडणार. मर्सीने मात्र आधीच चर्चच्या गाणाऱ्या मुलांना माळा देऊ केला होता. रविवारपासून सराव. चाळीस खुर्च्या वर चढवूनही झाल्या होत्या.

आलोशियसने इथे एक्केचाळीस वर्षं लाकूड पारखलं. पास झालेल्या लाकडावर तो गेरूची आडवी रेघ ओढी आणि खाली 'आ' लिही. तक्रार आली तर कोणाला धरायचं ते त्यावरून कळे. नापास लाकडावर नुसती फुली. फुलीखाली नाव लिहायची पद्धत नव्हती. टाकलेलं लाकूड कोणाचंच नसतं, असं थोरले मालक म्हणत.

सहावा खांब वाजला. सातव्याला टेकून माणूसभर उंच फळ्यांची थप्पी होती. ती आलोशियसनेच फेब्रुवारीत रचली होती, एकट्याने, दोन दिवस खपून.

"हे सगळं हलवायचं?" हिनाने घड्याळ पाहिलं. थप्पीच्या वर हात लांबवून तिने सुया टोचल्या. "तेरा टक्के. ड्राय आहे. काका, हा तुम्ही वाजवलाय ना?"

"वाजवलाय," आलोशियस म्हणाला.

ते खरं होतं. फेब्रुवारीत वाजवला तेव्हा रिकाम्या पिंपासारखा आवाज आला होता.

कारणही त्याला ठाऊक होतं. तो कामाला लागला त्या काळी लाकूड पडावातून, मोठ्या मालवाहू होडीतून, यायचं आणि ओंडके खाडीच्या पाण्यात पडून राहायचे. गेरूचा डबा हातात येऊन त्याला तिसराच आठवडा झाला होता, आणि जुना खांब बदलायला हा ओंडका त्यानेच निवडला. खाऱ्या पाण्यातला किडा टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेरून काही दिसत नाही. रंधा मारताना त्याला अकरा भोकं दिसली. मालकांना सांगायची लाज वाटली. त्याने लाखेत भुसा कालवून भोकं बुजवली आणि वर रेघ ओढली. पाण्याबाहेर किडा मेला, बोगदे राहिले. आता त्यांतून वाळवी चढली होती.

आठवा, नववा. बारावा झाला. हिना पेटीवर बसली आणि पेनाचं टोपण काढलं. मर्सी फोनवर भावाशी बोलत होती. "फ्रेडरिक, होतंय रे! आता सही करतायत." फोन ठेवून ती आलोशियसकडे वळली. "अंकल, रविवारी पहिल्या रांगेत तुम्ही. जिना चढाल ना?"

"पोरं केवढी हायत?"

"आठ-दहा वर्षांची. का?"

"उड्या मारतील."

"मारू देत! इतकी वर्षं कोण होतं इथे उड्या मारायला?"

आलोशियसने वर पाहिलं. मग हिनाच्या कागदाकडे.

"सही नको करू, बाय."

तो थप्पीतल्या फळ्या उतरवू लागला. मर्सीने विचारलं, "काय झालं?" हिना मदतीला उठली, तिला त्याने हातानेच थांबवलं. खांब गुडघ्यापर्यंत मोकळा झाल्यावर त्याने हातोडी मारली.

आवाज तिघांनीही ऐकला. हिनाने पेचकस टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

आलोशियसने सगळं सांगितलं. अकरा भोकं, लाख, भुसा, फेब्रुवारीतला पोकळ आवाज.

"पप्पांना माहीत होतं?" मर्सीने विचारलं.

"कोनालाच नाय."

"आणि फेब्रुवारीत? तेव्हा सांगितलं असतं तर खांब बदलला असता, अंकल!"

"हो."

"मग?"

"माझी रेघ हाय त्याच्यावर."

मर्सीने मान वर केली. तिची नजर माळ्याच्या फटींतून दिसणाऱ्या खुर्च्यांच्या पायांवर गेली.

"एक फेल म्हणजे रिपोर्ट फेल, मॅडम," हिना हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवारपर्यंत टेकू लावून, खांब बदलून, परत टेस्ट... नाही होणार. वर कुणाला जाऊ देऊ नका."

कागदाची घडी करून ती बाहेर फोन करायला गेली.

आलोशियसने कोनाड्यातून गेरूचा डबा काढला. आत नुसती भुकटी उरली होती. त्याने बाटलीतलं पाणी ओतून ती बोटाने कालवली. सातव्या खांबावरची जुनी रेघ अजून पुसट दिसत होती. तिच्यावर त्याने फुली मारली, दोन्ही रेघा टोकापर्यंत सरळ.

मग बोट पुन्हा डब्यात बुडवलं आणि फुलीखाली 'आ' लिहिलं.

मर्सी मागे उभी होती. ती पुढे आली, त्याच्या हातातून डबा घेतला आणि त्याला बोट पुसायला आपला रुमाल दिला.