मागची हाक

आमच्या जंगलवाटेचा एक नियम आहे. वाटाड्या पुढे, मधे जंगल बघायला आलेले पाहुणे आणि वाटाड्याच्या घरचंच दुसरं माणूस सगळ्यांच्या मागे. झाडी इतकी दाट की रांगेचं टोक दिसत नाही. म्हणून पुढच्याने दर वळणावर थांबायचं आणि मागची हाक आली की मगच पाऊल उचलायचं. माझ्या जन्माआधीपासून बाबा पुढे, आई मागे. तिची हाक ठरलेली : "चला पुढे, मी आहे मागे." घरात भाजी चिरतानासुद्धा हेच म्हणायची बाई.

तापाचं निमित्त झालं आणि आई गेली. तेव्हापासून बाबा वळणांवर अडकायला लागले. धाकट्या काकाने मागून कितीही घसा फोडला तरी हे आपले ढिम्म. या सहली काढणाऱ्या मालकांनी निरोप धाडला की आज पुन्हा उशीर झाला तर बाबांनी घरीच बसावं. घरी बसून हा माणूस काय करणार? आईच्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसणार. म्हणून आज मागे मी.

सकाळ बरी गेली. ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला फळं भरवणारा धनेश बाबांनी दाखवला. पानावर बसलेला, पानासारखाच बेडूक दाखवला. कॅमेरेवाले एक आजोबा पायाला जळू लागली म्हणून असे काही नाचले की माकडंही खेळ सोडून बघत राहिली. मी हाक द्यायची, बाबा निघायचे. म्हटलं, जमलं बुवा एकदाचं.

ओढ्यावरच्या ओंडक्यापाशी मात्र बाबा थांबले ते थांबलेच. इथे आई हमखास मागे राहायची, बुटातले खडे काढत. मी हाका मारून दमले. लोक कुरकुरायला लागले, उजेड उतरायला लागला. शेवटी तणतणत मी पुढे गेले आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं. आई गेलीय, ती आता हाक देणार नाही, कळतंय का तुम्हाला?

बाबा चिडले नाहीत. "कळतंय गं. पण मागे कुणीच नाही असं वाटतं. पाय उचलत नाही."

मग त्यांनी हातातली काठी माझ्याकडे दिली. "तू हो पुढे."

त्या काठीला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. मान खाली घालून ते रांगेच्या टोकाला गेले.

ओंडका ओलांडून मी पहिल्या वळणावर थांबले. मागे बघितलं तर नुसती झाडी. हाक येईना. आजोबा म्हणाले, चला की. मला पाऊल टाकवेना. मघाशी कोणत्या तोंडाने बोलले मी त्यांना?

मग आला आवाज, रडून फाटलेला. "चला पुढे, मी आहे मागे."

उजेड असतानाच आम्ही जीपपाशी पोचलो. मालकांना बोलायला जागा उरली नाही. सगळे चढून बसले, ड्रायव्हरने गाडी चालू केली. बाबा अजून खालीच होते, झाडीकडे तोंड करून, कुणीतरी यायचं राहिल्यासारखे.

मी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली.