वायसर आणि सातचा भोंगा

रुक्मिणीला कुत्र्यामांजरांचा लळा होता असं कुणी सांगितलं तर खुशाल खोटं समजा. दहा बाय बाराची खोली, त्यात नवरा, मुलगी, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. एवढं मावत होतं हेच पुष्कळ. त्यात एका संध्याकाळी शिवदास डब्याच्या पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला.

"कंपनीत स्टोअरच्या मागं गोणपाटावर पडलेलं," तो म्हणाला. "आई ट्रकखाली गेली गं त्याची."

"मग मी काय करू? बारसं घालू?"

बारसं मीराने घातलं, त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीने. पिल्लू पांढरं, पण एका डोळ्याभोवती गोल काळं कडं. शिवदास कंपनीत लेथवर टर्नर होता, आणि वॉशरला कंपनीत सगळे वायसरच म्हणत. मीराने ते कडं बघितलं आणि नाव ठेवून मोकळी झाली, वायसर. आता नाव पडलं म्हणजे ते घरचंच झालं की हो! रुक्मिणीने कपाळावर हात मारला आणि अट घातली, "घरात एक थेंब सांडला तर हे बाहेर. आणि मागोमाग तुम्ही."

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची, मुलुंडची. आग्रा रोडला तेव्हा कंपन्यांची रांग होती आणि यांची चाळ शिवदासच्या कंपनीच्या भिंतीला खेटून. चाळीतली निम्मी पुरुषमंडळी त्याच कंपनीत. घड्याळं होती दोन-चार घरांत, पण त्यांना विचारतो कोण? भोंगा होता ना! सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री अकराला. कंपनीची भट्टी कधी विझत नसे, त्यामुळे भोंग्याला रविवार ठाऊक नव्हता. सातचा झाला की बायका नळावरच्या बादल्या उचलत, तीनचा झाला की चहाचं आधण ठेवत. कुणाचं लेकरू कधी जन्मलं विचारलं तर आई सांगायची, "तीनच्या भोंग्याच्या जरा अगोदर." काय दिवस होते! आता त्याच रोडवर उंच उंच इमारती आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आहे, पण वेळ म्हणून कुणाकडे नाही.

तर वायसर. पहिल्या आठवड्यात त्याने पिंपाखाली केलं, मीराच्या दप्तरावर केलं आणि एके दिवशी गॅलरीत जाऊन नानांच्या चपलेत केलं. नाना शेजारच्या खोलीतले, तळकोकणातले, कंपनीच्या रंगखात्यात बावीस वर्षं काढलेले आणि वर चाळ कमिटीचे अध्यक्ष.

"वयनी, ह्या तुमच्या वायसरान माझ्या चपलेत काय केल्यान बघा!"

रुक्मिणीने चप्पल धुऊन दिली. तीन दिवसांनी वायसरने नानांचा न वाचलेला पेपर भिजवला. नानांनी गॅलरीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता तिसऱ्यांदा झाला तर टेम्पोत घालून दहिसर नाक्यापलीकडे सोडून येतलंय. मगे माका बोलू नका."

मीरा रात्रभर वायसरला पोटाशी धरून झोपली. सकाळी तिचे सुजलेले डोळे बघून रुक्मिणीचा जीव कळवळला, पण तोंडाने ती म्हणाली, "रडून काय ते शिकणारे?" आणि स्वतःच कामाला लागली.

चाळीतल्या बायकांनी उपाय सुचवले. त्यात नाक घासा, चार फटके द्या. रुक्मिणीला ते पटेना. मुकं जनावर, त्याला काय कळणार मार कशाचा ते! मग तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. भोंगा सुरू झाला की पिल्लू दचकून उठायचं, गोल फिरायचं आणि तिथंच करायचं. भोंग्याने त्याच्या पोटात कळ येत असावी. मग काय, भोंग्याचा पहिला हुंकार आला की रुक्मिणी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून पिल्लाला उचलायची, धाडधाड जिना उतरायची आणि भिंतीकडेच्या भेंडीच्या, भाजीच्या नव्हे, सावलीच्या मोठ्या झाडाखाली ठेवायची. त्याने केलं की भाकरीचा तुकडा. सातला, तीनला, अकराला. तवा किती वेळा करपला त्याची गणती नाही. शिवदास करपलेली भाकरी गुपचूप खायचा. बोलायची सोय होती का त्याला?

महिन्याभरात वायसर स्वतः जिना उतरू लागला. पाय आखूड, एकेका पायरीवरून धपकन पडत जायचा, पण भोंगा थांबायच्या आत झाडाखाली हजर. चाळीतली माणसं कठड्याला टेकून बघायची. "टायमाचा पक्का आहे यार, कंपनीने ठेवून घ्यायला पाहिजे," असं म्हणून हसायची. रुक्मिणी वरवर नाक मुरडायची आणि आत जाऊन मीराजवळ कौतुक सांगत बसायची. नानांची चप्पल पुन्हा दाराबाहेर दिसू लागली.

आणि मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही.

पहिल्या पाळीची माणसं गेटपर्यंत जाऊन परत आली. गेटला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी नोटीस. टाळेबंदी. कुणी म्हणालं आठ दिवस, कुणी म्हणालं महिना. चाळीत त्या दिवशी दूध उतू गेलं, पोरं शाळेत उशिरा पोचली, बादल्या भरायच्या आत नळ गेला. आणि वायसर जिन्याच्या तोंडाशी कान टवकारून बसला तो बसलाच.

रुक्मिणीने त्याला उचलून झाडाखाली नेलं. त्याने भिंतीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि शेपटी हलवत परत आला. भोंगा नाही तर कसं करायचं? त्याला शिकवलंच होतं तसं. दहापर्यंत त्याने धरलं, अकरापर्यंत धरलं, कुईकुई करत गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. शेवटी राहवेना तेव्हा नानांनी उन्हात पसरलेल्या गावच्या सोलांवर पाय फाकवून मोकळा झाला. नानांच्या घरचं वर्षभराचं आमसूल होतं ते.

"सोलां! गावची सोलां! सगळी वाट लावल्यान!" नाना एकेक सोल उचलून भिरकावत होते. एरवी इतके चिडले नसते. पण बावीस वर्षांनंतर त्या सकाळी त्यांनाही कंपनीच्या कुलपाने परत पाठवलं होतं. "रविवारी सकाळी टेम्पो येतलो. संपला!"

रुक्मिणीच्या हातात चार दिवस होते. तिने थाळी वाजवून बघितली, शिट्टी मारून बघितली, शेजारणीचा कुकर मागून आणून त्याच्या शिट्ट्या करून बघितल्या. वायसर मान वाकडी करून सगळं ऐकायचा आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचा. ती दिवसरात्र फडकं घेऊन त्याच्या मागे. आपणच याला असलं वळण लावलं, आपल्यामुळेच हे घराबाहेर जाणार, हा सल तिला जेवू देईना. आणि शिवदास? तो भिंतीला टेकून बसलेला. टाळेबंदीपासून हं आणि नाही यापलीकडे शब्द नाही. दाढी वाढलेली. शनिवारी रात्री तिचा बांध फुटला.

"अहो, आणलंत तुम्ही ना त्याला? मग जरा बोला तरी! लेक रडतेय, कुत्रं कण्हतंय, आणि मी एकटी कुणाकुणाला शिकवू? तुम्हाला पण त्याच्यासारखंच झालंय. भोंगा नाही तर उठायचंच नाही!"

बोलून गेली आणि जीभ चावली. शिवदास भिंतीकडे तोंड करून निजला. रुक्मिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सातला थोडा अवकाश असताना टेम्पो चाळीखाली येऊन थांबला. मीरा वायसरला कवटाळून दारात उभी. नाना दोरी घेऊन गॅलरीत आले, पण पुढे व्हायचा त्यांनाही धीर होईना. तेवढ्यात शिवदास उठला. नानांच्या मनगटावरच्या घड्याळात त्याने वेळ बघितली, कठड्याशी गेला, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि भोंगा दिला.

खालून, पोटातून सुरू झाला तो. हळूहळू चढला, वर जाऊन थरथरला आणि शेवटी घसा बसल्यासारखा तुटला. कंपनीचा भोंगा अगदी तसाच तुटायचा. वायसर मीराच्या हातून सुटला, धपाधप जिना उतरला आणि भेंडीच्या झाडाखाली पाय फाकवून उभा राहिला. बिचारा किती वेळ तसाच उभा होता!

मीरा टाळ्या पिटत होती. पण रुक्मिणीने गॅलरीत बघितलं आणि तिचं हसू विरलं. सगळी दारं उघडली होती. कुणी तोंडात ब्रश घेऊन, कुणी टॉवेलवर. कोपऱ्यातल्या खोलीतला धोंडू तर कंपनीचा निळा शर्ट अंगात चढवत बाहेर आलेला, एक बाही घातलेली, एक लोंबती. भोंगा कंपनीचा नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो तसाच उभा राहिला. कुणी हसलं नाही. पुरुष माणसं सगळी, पण एकमेकांकडे बघवत नव्हतं त्यांना.

नानांनी दोरी खांद्यावर टाकली, चष्मा काढून बनियनला पुसला आणि खाली वाकून टेम्पोवाल्याला जा म्हणून हात केला.

"शिवदास," ते म्हणाले, "उद्या पण वाजव हां. माझा घड्याळ रोज पाच मिनटा मागे पडता."

तेव्हापासून सातला, तीनला, अकराला शिवदास भोंगा द्यायचा. बायका पुन्हा त्यावर आधण ठेवू लागल्या. शिवदास दाढी करू लागला, कारण गॅलरीत उभं राहायचं म्हणजे माणसात दिसायला नको? कंपनी काही उघडली नाही. आठ दिवसांचे आठ महिने झाले. मग शिवदासला अंधेरीला एका कारखान्यात वॉचमनची ड्यूटी मिळाली. टर्नरचे हात, आणि गेट उघडायचं काम! पण गेला. पहाटे पाचला निघायचं होतं. जाताना चपला घालता घालता त्याने वायसरकडे बघितलं, रुक्मिणीकडे बघितलं आणि जिना उतरला.

सात वाजायला आले. वायसर जिन्याच्या तोंडाशी कान टवकारून बसलेला. आता तो चांगला दांडगा झाला होता, पण सवय तीच. रुक्मिणी गॅलरीत आली. चार माणसांत तिने कधी आवाज चढवला नव्हता. पदर खोचला, ओंजळ तोंडाशी धरली. जो आवाज निघाला त्याने कठड्यावरचा कावळासुद्धा हलला नाही. वायसरने मान वाकडी केली. तिचे कान लाजेने तापले.

शेजारचं दार उघडलं. नाना उंबऱ्यात.

"आधी खाली धरा, वयनी," ते हळूच म्हणाले. "आमचो भोंगो खालसून वर जाय."

तिने डोळे मिटले आणि खालून धरला.

संध्याकाळी शिवदास आला. खाकी शर्ट खुंटीला टांगला, हातपाय धुतले, पायाशी लोळणाऱ्या वायसरच्या डोक्यावर हात ठेवला. मग भाकरीचा तुकडा मोडत, मान वर न करता त्याने विचारलं, "वाजला का?"

"वाजला," रुक्मिणी म्हणाली.

"टायमावर?"

"सातच्या ठोक्याला. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही."

शिवदासने मान हलवली आणि घास तोंडात घातला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.