गुरुवारची अंगठी

विशाखाला हे काम मिळालं ते गजालामुळं. गजाला म्हणजे पडेगावातल्या तिच्याच गल्लीतली, तीन घरं सोडून राहणारी, एकदा बोलायला लागली की दम न घेणारी पोरगी. वर्षभर ती घरी बसून ऑनलाइन माल विकणाऱ्या दुकानदारांची कामं करत होती. मालाचे फोटो चढवायचे, खाली वर्णन लिहायचं, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची, परत आलेल्या पार्सलची तड लावायची. दुकानदार सुरतेला, गिऱ्हाईक कोल्हापूरला आणि मधे गजाला, पडेगावात, पलंगावर मांडी घालून. याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, असं ती सांगायची आणि सांगताना मान अशी ताठ करायची की वाटावं कलेक्टरीणबाईच आल्या.

विशाखाची मान मात्र वर येत नव्हती. हिवाळ्यात तिचे पप्पा, संघपाल, गेले आणि तेव्हापासून पोरगी दगड झाली. रडली नाही, भांडली नाही. कॉलेज सोडलं तेही कुणाला न सांगता. भाजीत मीठ नसलं तरी जेवायची, दुप्पट पडलं तरी जेवायची. तिची आई रत्नमाला अंगणवाडीत मदतनीस होती. हट्टी लेकरांना बोलतं करणं हा तिचा हातखंडा. तिनं एकदा मुद्दाम वरण खारट करून पाहिलं. विशाखानं ताट धुतल्यासारखं स्वच्छ करून ठेवलं. मग रत्नमालानंच मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं.

शेवटी एक दिवस गजाला लॅपटॉप काखोटीला मारून आली. “चल गे, तेरेकू एक काम देती मैं. हसने का नै, रोने का नै. बस टाइप करने का.”

आणि खरंच, काम विशाखाला मानवलं.

दुकानदार होता राजकोटचा अतुलभाई. तो नशीब पालटणाऱ्या वस्तू विकायचा. पितळी कासवं, कधीच न सुकणारी लिंबू-मिरची आणि सगळ्यात जास्त खपणारी काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी. त्याचं मराठी गिऱ्हाईक वाढलं होतं, म्हणून मराठी लिहिणारी हवी होती. एक महिना बघतो, जमलं तर पक्कं, असं ठरलं.

आता गंमत बघा. विशाखाच्या घरात आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच गंडे, दोरे, उपासतापास सगळं वेशीबाहेर गेलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कपाटात पुस्तकं, बस. जिनं जन्मात कुणाची दृष्ट काढलेली पाहिली नाही ती पोरगी लिहीत होती की घरातली पीडा टळते, आठवड्यात अनुभव येतो. लाज वाटली असती तरी बरं झालं असतं. काहीच वाटलं नाही. भांडी घासावीत तशी ती वाक्यं घासून पालथी घालत होती.

एक दिवस अतुलभाईचा निरोप आला. अंगठीच्या डबीत टाकायला मराठी कार्ड छापायचंय, चार ओळी लिहा, घालायचा वार तुमच्या भागात जो चालतो तो टाका. वार? विशाखानं गजालाकडं पाहिलं. गजालानं पंख्याकडं पाहिलं.

“जुम्मेरात टाक ना,” गजाला म्हणाली. “अम्मी खुलताबादला दर्ग्यात जुम्मेरातलाच जाती. त्या दिवशी दुवा लई लागती.”

जुम्मेरात म्हणजे गुरुवार. नालेची अंगठी शनीची, ती शनिवारी घालतात, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मोबाइलमध्ये बघायला एक बोट पुरलं असतं. ते बोट हललं नाही. ‘गुरुवारी सकाळी स्नान करून मधल्या बोटात धारण करावी,’ असं तिनं लिहिलं, कार्डं छापली गेली, डब्या गावोगाव गेल्या.

आधी टोमणे आले. एकानं विचारलं, शनिमहाराजांनी वार कधीपासून बदलला? दुसऱ्यानं विचारलं, मग मारुतीला बुधवारी तेल घालू का? गजाला हसून हसून पलंगावरून पडायची बाकी राहिली. अतुलभाईनं मात्र बजावलं की पुढच्या छपाईत बघू, तोवर चूक कबूल करायची नाही आणि वस्तूला गुण नाही असं तर चुकूनही लिहायचं नाही. लिहिलं की काम बंद. नेहमीची उत्तरं त्यानं नंबर घालून तयारच ठेवली होती. चौथं उत्तर होतं, ‘आमच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वार दिला आहे. श्रद्धा ठेवा.’ तज्ज्ञ म्हणजे गजालाची अम्मी. विशाखा चार दाबायची, पाठवायची, पुढचा मेसेज उघडायची.

मग एका दुपारी मंठ्याच्या सुलेखाचा मेसेज आला. लांबलचक, मधे कुठं टिंब नाही. नवऱ्याला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलंय. कार्डावर लिहिलं होतं म्हणून तिनं गुरुवारी अंगठी त्याच्या बोटात घातली आणि शुक्रवारपासून माणूस बोलेनासा झाला. सासूनं कार्ड कुणाकडून तरी वाचून घेतलं. शनीची अंगठी गुरुवारी घातलीस, तूच ओढवून घेतलंस, असं म्हणाली आणि तेव्हापासून खाटेजवळ बसू देत नाही. खाली एकच ओळ वेगळी होती.

‘ताई माझ्यामुळं झालं का’

विशाखाचं बोट चारवर गेलं आणि तिथंच राहिलं.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेली एक चुलत आत्या भर मंडपात म्हणाली होती, दवाखान्यात न्यायला उशीर केलास गं रत्नमाला. आई पाण्याचे पेले गोळा करत राहिली होती. विशाखा तिथंच खांबाला टेकून उभी होती. तिनं आईची बाजू घेतली नव्हती.

“चार भेज ना, क्या सोच री?” गजाला म्हणाली. विशाखा काहीतरी वेगळंच टाइप करतेय हे दिसल्यावर ती जवळ सरकली. “अगे, अतुलभाई सब पढता. पक्की होनेवाली तू.”

“व्हय,” विशाखा म्हणाली आणि पाठवलं.

‘वार मी चुकवला. कार्ड मी लिहिलं, मला ठाऊक नव्हतं. तुमचा काही दोष नाही. अंगठीनं माणूस आजारी पडत नाही.’

सुलेखानं वाचलं. ती लिहायला लागली, थांबली, पुन्हा लागली.

‘मग अंगठीनं बरा तरी होतो का’

इथं थांबता आलं असतं. आत्तापर्यंतचं गोड बोलून निभावलं असतं. अतुलभाईला सांगता आलं असतं की गिऱ्हाईक रडत होतं, धीर दिला. विशाखानं गजालाकडं पाहिलंही नाही.

‘नाही,’ तिनं लिहिलं. मग खाली, ‘डॉक्टरांना विचारा. खेकसले तरी परत विचारा.’

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. ‘बरं. पण काढत नाही ताई. काढली आन काही झालं तर सासू तेच धरून बसंल. तुमचं हे मात्र तिला वाचून दाखवते.’

दिवे लागायच्या आत अतुलभाईचा फोन आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, इतकं गोड बोलला. “बेन, आपका दिल अच्छा है. लेकिन मेरी दुकान दिल की नहीं है.” फोन ठेवला आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. जुना टाकून पाहिला. चालला नाही.

गजालानंही एकदा टाकून पाहिला. मग म्हणाली, “जुम्मेरात मेरी, और नौकरी तेरी गई.” कुकरचे रबर विकणारा एक दुकानदार आहे ओळखीचा, रबराला वार नसतो, उद्याच विचारते, असंही म्हणाली आणि चपला अडकवून गेली.

विशाखा त्या चौकटीकडं बघत बसली. सुलेखानं पुढं काही लिहिलं असेल तर ते आता अतुलभाईकडं जाणार, आणि त्याला ते नको होतं. तो माणूस बोलला का? ते ऐकून सासू काय म्हणाली? बसू दिलं का तिला जवळ? हिवाळ्यापासून या पोरीला कशाचं काही पडलं नव्हतं, आणि आता हे एवढं कळायला हवं होतं.

रत्नमाला कामावरून आली, दारात चपला काढू लागली.

“आई, जालन्याला गाडी कुठून असती?”

“सिडको स्टँडवरून. का गं? तिथं कोण हाय आपलं?”

“हाय एक बाई,” विशाखा म्हणाली. “तिला लोक म्हणत्यात, तुझ्यामुळं झालं.”

रत्नमालाचा एक पाय चपलेतच होता. ती तशीच आत आली, हातातली पिशवी जमिनीवर ठेवली आणि लेकीशेजारी पलंगावर बसली.