अगं, ऐकतेस का

या, असे जवळ सरकून बसा. एका हाकेची गोष्ट सांगायची आहे, मन लावून ऐका.

बाबांनी टॅब टेबलावर पालथा घातला आणि लेकीकडे बघून दोन्ही हात झटकले. म्हणजे, संपला खेळ.

"असं रुसू नका हो बाबा. बघते ना मी."

घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून घरच मुकं झालं होतं. प्रोग्रॅमर लेकीने जीव ओतून हा बोलका टॅब केला. बाबांनी टाइप करायचं, ते फाइलमध्ये उतरायचं आणि यंत्राने फाइल वाचून दाखवायची. पण सकाळभर बाबा टाइप करत बसले आणि यंत्राने तोंडात मिठाची गुळणी धरली.

तिने फाइल उघडली. नुसती प्रश्नचिन्हं! तिने कपाळाला हात लावला. चाचणी घेताना तिने चार इंग्रजी शब्द ठोकले होते. मराठी अक्षरं टिकायची तर फाइल युनिकोडमध्ये लिहायची, हे प्रोग्रॅमला सांगायचंच राहिलं. वर, मध्येच अडून बाबांचा हिरमोड नको म्हणून तिनेच प्रोग्रॅमला बजावलं होतं, की अनोळखी अक्षर आलं तर तक्रार करू नको, प्रश्नचिन्ह टाक आणि पुढे चल. त्याने ऐकलं बिचाऱ्याने.

"काय गं, जमतंय का?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "का आयती शांतता मिळालीय, तीच बरी?"

बाबांच्या मिशीखाली जरासं हसू हललं आणि विझलं.

"सकाळचं काही परत येणार नाही, बाबा," लेक हळूच म्हणाली. बोलता बोलता तिची नजर पडद्यावर अडली. सगळ्या ओळी एकाच लांबीच्या. सकाळभर ते एकच वाक्य लिहीत होते.

कुठलं, ते तिने विचारलं नाही. प्रोग्रॅममध्ये यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची खूण, लिहिली, प्रश्नचिन्हांची ती सूचना खोडली आणि टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला.

"एकदाच. माझ्यासाठी."

बाबांचं बोट अक्षरं शोधत फिरलं. यंत्र सपाट, परक्या आवाजात बोललं,

"अगं, ऐकतेस का?"

"आले, आले! जरा दम धरा की!"

आणि मग आतला भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली, हात ओलेच. बाबांनी मान खाली घातली.

"मला नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा हाक मारा."

मंडळी, घरात कुणी तुम्हाला हाक मारली, तर ओ देताना त्या दारातल्या माउलीची आठवण असू द्या.