मुंगीनं तोंड मिटलं

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणायचे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारी एक लॅब होती, तिथं ती कामाला होती. मेणाच्या कडेवर एकेक दात बसवायचा, पातळ सुरीनं हिरडी कोरायची, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा नीट बसतोय का ते बघायचं, असं तिचं काम. "निम्मं गाव तुझ्या दातांनी जेवतं," असं नवरा चिडवायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात हे दोघं, सासूबाई आणि मुंगी.

मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती, म्हणून मुंगी. आता रांगत होती, पलंगाला धरून उभी राहत होती आणि खाण्याच्या बाबतीत शहाणी होती. गाजर, भोपळा, बटाटा, सफरचंद, जे काही असेल ते दातवाली मऊ शिजवायची, मिक्सरमधून काढायची आणि वर चाळणीतून गाळायची. कण म्हणून राहू द्यायची नाही.

"अगं, खाली दोन दात आलेत तिला," सासूबाई म्हणायच्या. "थोडं चावू दे की. जगाला दात करून देतेस आणि घरच्या पोरीला पेज पाजतेस."

दातवाली हसायची आणि चाळणी पुढं ओढायची.

एका सुट्टीच्या सकाळी मुंगीनं तोंड मिटलं. वाटीत गाजर होतं, तिच्या आवडीचं. दातवालीनं चमचा पुढं केला. मुंगीनं ओठ आत ओढून घेतले आणि मान डावीकडं फिरवली. "हा बाबांचा घास," दातवाली म्हणाली. "हा आजीचा." चमचा ओठांना लागला, गाजर हनुवटीवरून लाळेऱ्यावर सांडलं. मुंगी रडली नाही, चिडलीही नाही. ती टेबलाच्या डाव्या बाजूला, भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडं टक लावून बघत राहिली.

दातवालीच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

त्या जागी फरशीवर चार फिकट ठिपके होते. तिथं पूर्वी एक उंच खुर्ची असायची. मुंगीची नव्हे. मुंगीच्या आधी या घरात एक मुलगा होता. त्याचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. ओठ फुगवून, थुंकी उडवत तो गाडीच्या भोंग्यासारखा "ब्रर्र" करायचा, म्हणून सगळे त्याला भोपू म्हणायचे. भोपू वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा एका दुपारी त्यानं घास नाकारला. तोंड मिटून मान फिरवली. दात येत असतील, असं सगळे म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले. संध्याकाळी ताप चढला, सकाळी हॉस्पिटलात नेलं, आणि परत येताना दातवालीच्या मांडीवर नुसतं दुपटं होतं. कुणाचं काही चुकलं नव्हतं. आधी आणलं असतं तरी काही करता आलं नसतं, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. नंतर नवऱ्यानं खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली. कपडे गेले, खेळणी गेली, आणि नावही घरातून गेलं. कुणी ठरवलं नव्हतं. पण कुणी घेतही नव्हतं.

दातवालीनं मुंगीचं कपाळ चाचपलं. मग मान, मग पोट, मग पुन्हा कपाळ. गार होतं.

"ताप नाहीये गं," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि थर्मामीटर शोधायला उठली.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. भोपळा नको, सफरचंद नको. दूध तेवढं प्यायची. चमचा दिसला की ओठांना कुलूप आणि नजर डावीकडं. संध्याकाळी कामावरून आल्यावर दातवाली आधी फ्रिज उघडायची. सकाळी करून ठेवलेली वाटी जशीच्या तशी असायची.

"खाल्लंय तिनं दुपारी, तू काळजी करू नकोस," सासूबाई म्हणायच्या.

"काय खाल्लं? वाटी तर भरलेली आहे."

"खाल्लं म्हणते ना मी."

धीर द्यायला म्हणून खोटं बोलतायत, असं दातवालीला वाटायचं. वाद घालायचं बळ तिच्यात नव्हतं.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी कान बघितले, घसा बघितला, पोट दाबलं, वजन केलं. "वजन अगदी छान आहे," त्या म्हणाल्या. "काही झालेलं नाही हिला. या वयात मुलांना चमचा नकोसा होतो, स्वतःच्या हातानं खायचं असतं. मऊ तुकडे द्या, समोर बसून राहा."

"नक्की? दातामुळं तर नाही ना?"

"दातही असतील."

तो शब्द ऐकला आणि दातवालीला पुढचं काही ऐकू आलं नाही. भोपूच्या वेळच्या डॉक्टरांनीही दातच म्हटलं होतं. ती मुंगीला छातीशी धरून पायऱ्या उतरली आणि घरी येऊन तिनं बटाटा दोनदा गाळला.

त्या दिवशी ती भरवायला बसली, तेव्हा मुंगीनं नेहमीसारखी मान फिरवली, त्या चार ठिपक्यांकडं बघून ओठ फुगवले आणि केलं, "ब्रर्र."

तो आवाज या घरात कुणी काढत नव्हतं. मुंगीला तो कुणी शिकवला नव्हता. मुंगीनं पुन्हा केलं, "ब्रर्र," आणि मग ती हसली. आईकडं बघून नाही. तिकडं, भिंतीजवळ, बसलेल्या बाळाचं डोकं जेवढ्या उंचीवर येईल तेवढ्या उंचीवर बघून.

दातवालीनं ओट्याजवळ उभ्या असलेल्या सासूबाईंकडं पाहिलं. त्यांची पाठ होती. नळ सुरू होता आणि त्या एकच भांडं घासत होत्या, कधीचं.

"ऐकलंत?"

"काय?" सासूबाई मागं न वळता म्हणाल्या.

नवऱ्याला सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं म्हणजे नाव घ्यायला हवं. तिनं वाटी झाकून ठेवली.

मग तिला घरात भोपू जाणवायला लागला. आंघोळीचं पाणी ओतताना पलीकडं कुणी रांगतंय असं वाटायचं, तांब्या खाली ठेवून ती बघून यायची. ठिपक्यांवर तिनं एक टोपली आणून ठेवली. संध्याकाळी टोपली बाजूला सरकवलेली दिसली. सासूबाईंना विचारायची भीती वाटली. नाही म्हणाल्या तर? भोपूला एकट्याला करमत नाही, तो बहिणीला बोलावतोय, असा विचार एकदा मनात आला आणि मग जाता जाईना. त्याहून वाईट म्हणजे, तो आला असेल तर त्याच्याकडं वळून बघावं, असंही तिला वाटायचं. अशा वेळी ती मुंगीचा पाय घट्ट धरून बसायची.

लॅबमध्ये फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असायचे. इतकी वर्षं तिला त्यांचं काही वाटलं नव्हतं. आता ते सगळे मिटलेले दिसायला लागले. लॅबचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणायचे, एक दिवस दुपारी तिच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी तिच्या हातातली कवळी उचलून उजेडात धरली.

"बाई, डावा सुळा उजवीकडं लावलायस. हा माणूस हसला तर नातवंडं पळून जातील."

ती हसली नाही. काकांनी कवळी खाली ठेवली.

"पोरीचं काय म्हणतात डॉक्टर?"

"काही नाही म्हणतात."

"मग घरी जा. आज इथं बसून तू माझं मेण फुकट घालवशील."

अशी ती भर दुपारी घरी आली. जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. ब्रर्र. आणि लगेच दुसरा, जाडसर, थकलेला. ब्रर्र. मग मुंगीचं खिदळणं. कठड्याला धरून दातवाली उरलेल्या पायऱ्या कशीबशी चढली. दार नुसतं लोटलेलं होतं.

सासूबाई फरशीवर बसल्या होत्या. टोपली बाजूला सारून, नेमक्या त्या चार ठिपक्यांच्या मध्ये, भिंतीला पाठ टेकून. समोर ताटली होती, तिच्यात उकडलेल्या बटाट्याच्या आणि गाजराच्या फोडी. मुंगी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती, मुठीत बटाटा, तोंडाभोवती बटाटा, केसांतही बटाटा. ती चावत होती. दोन दातांनी आणि बाकी सगळ्या हिरड्यांनी.

"आणि तुझा दादा काय करायचा?" सासूबाई तिला सांगत होत्या. "असा घास तोंडात घ्यायचा आणि करायचा ब्रर्र. माझ्या चष्म्यावर सगळा भोपळा. मी ओरडायचे, ए भोपू, मेल्या! की अजून जोरात."

दातवालीच्या हातातली पिशवी खाली पडली.

सासूबाई दचकल्या. त्यांनी आधी ताटली पदराखाली घेतली, मग ते किती वेडेपणाचं आहे हे त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी ती परत बाहेर ठेवली.

"घशात अडकलं असतं तर?" दातवालीला दुसरं काही सुचेना. तिचा आवाज चिरकला. "मी एवढं गाळून ठेवते, आई, एवढं गाळून... आणि तुम्ही! तुम्ही माझ्यापासून लपवून..."

"हो, लपवून," सासूबाई म्हणाल्या. "तिनं माझ्या ताटातला बटाटा ओढून घेतला एक दिवस. खाल्लान. त्यानंतर चमच्याला तोंड लावेना. मी सांगणार होते तुला. पण तुझा चेहरा बघितला आणि धीर झाला नाही. म्हटलं, खाते आहे ना पोर, पोट भरतंय ना."

"आणि ते? ते दादाबद्दल?"

मुंगीनं ताटलीतली एक फोड उचलली आणि आईकडं बघत तोंडात कोंबली.

"तुमच्या दोघांसमोर त्याचं नाव घ्यायची सोय आहे का या घरात?" सासूबाई म्हणाल्या. "तुझा मुलगा होता. पण दिवसभर माझ्यापाशी असायचा तो. मी कुणाशी बोलू? तू कामाला गेलीस की मी इथं येऊन बसते. आधीपासून बसते, हिच्या जन्माच्याही आधीपासून. म्हणून ती इकडं बघते."

दातवाली हळूहळू खाली बसली. इतक्या दिवसांची भीती अशी फरशीवर बसलेली होती, नऊवारी पदर, गुडघ्यावर मुंगीचा बटाट्यानं माखलेला हात. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि मुंगी दोन्हीकडं बघून गोंधळली.

"आणि आवाज तुम्ही शिकवलात," डोळे पुसत ती म्हणाली. "माझा जीव जायची वेळ आली होती, आई."

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग फरशीकडं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मी नाही शिकवला. आवाज तिनंच काढला आधी. मी इथं बसून नुसती भाजी चिरत होते, तोंडातून शब्द नाही. ही आली, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून थांबली आणि ब्रर्र केलं. माझ्या हातातून सुरी पडली. तेव्हापासून मी बोलायला लागले. नाहीतर मी तरी कुठं बोलत होते?"

सगळीच बाळं तसा आवाज काढतात, दातवालीनं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. तिनं भिंतीजवळच्या त्या जागेकडं पाहिलं. सासूबाईंच्या शेजारी अजून एक जण मावेल एवढी जागा मोकळी होती. ती सरकली आणि तिथं बसली. फरशी गार होती. मुंगी लगेच तिच्या मांडीवर चढली.

"भोपळा तुमच्या चष्म्यावर कधी उडाला होता?" तिनं विचारलं. "मला माहीत नाही हे."

"तुला कुठून माहीत असणार? तू कामावर होतीस. बस, सांगते."

त्या दिवसापासून मिक्सर ओट्याखाली गेला. मुंगी तुकडे खायला लागली, निम्मे पोटात आणि निम्मे जमिनीवर. घशात अडकलं काही नाही, एकदोनदा ठसका लागला तेवढा, आणि त्या ठसक्यानं मुंगीपेक्षा दातवालीच जास्त घाबरली. घरात तो असल्याची जाणीव मात्र गेली नाही. पाणी ओतताना अजूनही तिला पलीकडं कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. फरक एवढाच, की आता ती धावत बघायला जात नव्हती.

नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं. एका संध्याकाळी तो कामावरून आला, तेव्हा जेवणं सुरू होती आणि सासूबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भोपूला गाजर असं आवडायचं नाही हो."

तो बूट काढत होता. तसाच एका पायात बूट ठेवून उभा राहिला. दातवालीला वाटलं, आता हा निघून जाणार. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ ताटाकडं बघत राहिला.

"मी हाक मारतो त्याला," तो म्हणाला.

"कुठं?"

"कामावर. लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीत खाली उतरलो आणि आसपास कुणी नसलं की. एकदा मारतो. रोज नाही."

दातवालीनं त्याचा हात धरला. हाताला ग्रीसचा वास होता.

"उत्तर येतं का रे?" सासूबाईंनी विचारलं, अगदी साधेपणानं, बस आली का असं विचारावं तसं.

"घुमून येतं," तो म्हणाला. "माझाच आवाज. पण वर जाऊन परत येईपर्यंत जरा बारीक होतो."

मुंगीनं गाजराची एक फोड त्याच्या ताटात टाकली. त्यानं ती उचलली आणि खाल्ली.