पाव्हण्याच्या उंचीची बत्ती

यादोरावांनी बाथरूमचा नकाशा पट्टी लावून काढला होता. आमगावच्या कॉलेजात सारी हयात ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाचं अक्षर जसं असावं तसाच तो नकाशा होता, नेटका आणि थोडा भित्रा. छताच्या मधोमध एक गोल, दाराजवळ एक बटण. एवढ्यात सगळं आलं असं त्यांना वाटलं होतं.

लीलाधरनं त्या नकाशावर चहाचा गिलास ठेवला.

मुद्दाम नाही. पण कागदावर ओला गोल उमटला.

लीलाधर हा यादोरावांच्या बायकोच्या, कुंदाबाईच्या माहेरचा, देवरीकडच्या गावातला. दोघं एकाच तळ्यात पोहायला शिकलेली. पुढे तिरोड्याला वायरिंगच्या कामावर त्याची नोकरी झाली, आता तोही निवृत्त. पावसाळ्यात कुंदाबाई अंगणातल्या न्हाणीकडे जाताना घसरली, तेव्हा खोलीला लागून नवी बाथरूम बांधायचं ठरलं. भिंती उभ्या राहिल्या आणि कुंदाबाईनं सरळ लीलाधरला फोन केला. नवऱ्याला विचारलं नाही.

"सर, मधात एकच लाईट लावान तं कसं होते, दाखवतो," लीलाधर म्हणाला. "कुंदे, उभी राय इथं."

कुंदे! यादोरावांनी चाळीस वर्षांत तिला असं हाकारलं नव्हतं. हाकारावंसं पुष्कळदा वाटलं होतं.

लीलाधरनं मोबाईलची बत्ती तिच्या डोक्यावर धरली. "पाहा. डोळ्याखाली अंधार, नाकाखाली अंधार. चेटकीण दिसून राहिली का नाही?"

"तुयी बायको चेटकीण!" कुंदाबाई फिस्सकन हसली.

"आता दोन बाजूनं पाहू. सर, तुमचा मोबाईल द्या बरं."

यादोरावांनी मोबाईल दिला. लीलाधरनं दोन्ही हात पसरून एक बत्ती तिच्या उजव्या गालाशी धरली, एक डाव्या गालाशी. सावल्या पळाल्या. कुंदाबाईचा चेहरा असा उजळला, की यादोराव पाहातच राहिले. कपाळावरचं कुंकू, हनुवटीवरचं गोंदण, सारं लख्ख. इतकं स्पष्ट त्यांनी तिला कधी पाहिलं होतं? आणि तो उजेड होता दुसऱ्या माणसाच्या हातात. त्यातला अर्धा तर त्यांच्याच मोबाईलचा.

"आरशाच्या दोन बाजूले दोन लांब लाईट," लीलाधर सांगू लागला, "तोंडाच्या उंचीवर. नळाकडे झाकणबंद, पाणी जाऊ नये म्हणून. दारापाशी खाली एक बारीक, रात्री पाय दिसाले. बटनं बाहेर."

"सर, पटते का?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कळतं त्यातलं," यादोराव म्हणाले आणि ओला नकाशा उचलून ओसरीत जाऊन बसले.

हातात पुस्तक होतं, कान भिंतीकडे होते. आतून खडूचा करकर आवाज येत होता.

"मंग पाव्हण्याच्या हिशोबानं आखू?" लीलाधरचा आवाज.

"होव. पाव्हण्याचंच तोंड नीट दिसलं पायजे," कुंदाबाई म्हणाली. "माह्यं काय, मी कशीबी पाहून घेईन." आणि दोघं हसली.

पुस्तकातली ओळ यादोरावांनी पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, पण ती काही आत जाईना. पाव्हणा! या घरात पाव्हणा म्हणून कोण येतं? मुलगा पुण्यात, सून पुण्यात. येतो तो एकटा लीलाधर. म्हणजे आता त्याच्या तोंडाच्या मापानं आपल्या घरातल्या बत्त्या लागणार होत्या.

चहा झाल्यावर लीलाधर देवरीला भाचीच्या लग्नाला निघाला. "जागेश्वर मिस्त्री उद्या खुणेवर भिंत कोरून वायरीच्या झिऱ्या मारते, मंग टाईल्स लावते. मी आलो का लाईट बसवतो," म्हणाला. कुंदाबाई त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. फाटकाशी बराच वेळ बोलत उभी राहिली.

यादोराव बाथरूममध्ये शिरले. भिंतीवर खडूच्या दोन उभ्या रेघा होत्या. आपल्या डोळ्यांसमोरच आहेत, एवढं त्यांना दिसलं. पण लीलाधरही त्यांच्याच उंचीचा, आणि डोक्यात तोच बसला होता. कुंदाबाई तर एवढीशी. तिच्या डोक्यावरून उजेड जाईल, याचा विचार केला का कुणी?

त्यांनी ओल्या रुमालानं रेघा पुसल्या. मग भिंतीला छाती टेकून उभे राहिले. कुंदाचं कुंकू आपल्या सदऱ्याच्या पहिल्या गुंडीपाशी येतं, हे त्यांना मोजावं लागलं नाही. मुलाच्या लग्नातल्या फोटोत तसंच आहे, देवापुढे शेजारी उभी राहते तेव्हाही तसंच. गुंडीवर खडू ठेवून त्यांनी खूण केली आणि दोन नव्या रेघा आखल्या. हे तुझ्या लीलाधरला माहीत आहे का, असं ते मनातल्या मनात म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी पुन्हा पुस्तक उघडलं.

झिऱ्या मारून झाल्या, वायरी गेल्या, टाईल्स बसल्या. लग्न उरकून लीलाधर आला आणि बत्त्या लावल्या. आरसा टांगला.

"पयले पाव्हण्याले उभं कर," कुंदाबाई म्हणाली.

यादोराव बाजूला सरले. लीलाधर पुढे होईल म्हणून वाट करून दिली.

"अवो, तुम्ही! तुम्ही कुठं चालले?"

"मी?"

"मंग कोन? आमच्या गावात जावयाले पाव्हणाच म्हनते. इसरले का? दाढी करता तं रोज गाल कापून घेता. त्याच्याच साठी तं या लिलाले बोलावलं."

यादोराव आरशापुढे उभे राहिले. कुंदाबाईनं बटण दाबलं. सदऱ्याची पहिली गुंडी झळझळली. तोंड मात्र वर अंधारात राहिलं.

"अरे!" लीलाधर पुढे आला. "मी तं वर आखलं होतं! त्या जागेश्वरले डोळे आहेत का बटनं? थांब, फोनच लावतो त्याले."

"नको," यादोराव म्हणाले. "मिस्त्रीचा दोष नाही." त्यांचा हात सदऱ्याच्या पहिल्या गुंडीवर गेला.

कुंदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तो सदरा तिनंच धुतला होता. गुंडीभोवतीचा खडू दोनदा घासूनही पुरता निघाला नव्हता. नवऱ्याला बाजूला सारून ती स्वतः आरशापुढे उभी राहिली. दोन्ही गाल उजळले, कुंकू अगदी मधोमध आलं.

"माह्या मापानं बरोबर आहे," ती सावकाश म्हणाली.

"पन तुह्यं माप त्याले सांगतलं कोनं?" लीलाधर विचारत राहिला.

"राहू दे. पाव्हणे स्टुलावर बसून दाढी करतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी यादोराव उंच स्टुलावर बसले. गालावरचा एकेक केस दिसत होता, असा उजेड होता. अंगणात कुंदाबाईचा फोन वाजला.

"बोल लिला," ती म्हणाली, आणि पलीकडून काहीतरी ऐकून खळखळून हसली.

यादोरावांनी वस्तरा गालावर ठेवूनच कान टवकारले. इतक्या लख्ख उजेडातही गाल कापला.